आधी स्लॅब, मग सोलर: घर गार आणि वीजबिल हलकं करण्याचा खरा क्रम

गच्चीवर सोलर लावून झाल्यावर लोक माझ्याकडे दोन तक्रारी घेऊन येतात. पहिली, "बिल उतरलं, पण वरची खोली रात्री अजून भट्टीसारखीच तापते." दुसरी, "पहिल्याच पावसात पॅनलच्या पायापाशी गळायला लागलं." दोन्हींचं कारण एकच आहे, कामाचा क्रम उलटा झाला. अनुदान सोलरला आहे म्हणून सोलर आधी, छताचं पुढे बघू, असं ठरतं. आणि ते 'पुढे' येत नाही, कारण तोवर छतावर लोखंडी सांगाडा उभा राहिलेला असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या सोलरला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात, तेही ३ किलोवॉटला. छताच्या उष्णतारोधनासाठी त्याच योजनेत एक रुपयाही नाही. त्यामुळे घराला गरज कशाची आहे हे न पाहता पैसा जिथे मिळतो तिकडे घर ओढलं जातं. जळगावला माझ्या थोरल्या भावाकडे हेच झालं. एप्रिलमध्ये पॅनल लागले आणि जुलैत देवघराच्या कोपऱ्यात टपटप सुरू झाली. बसवणाऱ्यांनी सांगाड्याचे बोल्ट थेट कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या पाणी अडवणाऱ्या थरात, ठोकले होते. सगळे पॅनल उतरवून वॉटरप्रूफिंग करावं लागलं आणि ते परत चढवण्याची मजुरी वेगळी. वहिनी दोन महिने देवापुढे बादली ठेवून होत्या.

हा लेख स्वतःचं घर, बंगली किंवा रो-हाऊस असलेल्यांसाठी आहे. सोसायटीत राहणाऱ्यांसाठी वेगळं काय, ते त्या-त्या ठिकाणी सांगतो.

टप्पा १: बारा महिन्यांची बिलं पुढ्यात घ्या

एका महिन्याच्या बिलावर काहीही ठरवू नका. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो वहीत उतरवून घ्या. फेब्रुवारीचा आकडा आणि मेचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. समजा फेब्रुवारीत १६० युनिट आणि मेमध्ये ३९०, तर मधली २३० युनिटं जवळजवळ सगळी गारव्यावर गेली. छताच्या कामाने कमी होऊ शकतात ती यातलीच. फ्रीज, दिवे, पंप यांना छताशी देणंघेणं नाही.

घरगुती दर टप्प्यांनी चढतो: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वाचलेली युनिटं वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतात. म्हणून मेमध्ये वाचवलेल्या ७० युनिटांची किंमत फेब्रुवारीतल्या ७० युनिटांपेक्षा बरीच जास्त असते.

*तपासा:* बिल कोणाच्या नावावर आहे? वारलेल्या वडिलांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर नावबदलाचा अर्ज आजच करा. अनुदान ग्राहकाच्या बँकखात्यात येतं, आणि नाव जुळलं नाही की प्रकरण तिथेच अडकतं. बहुतेक घरांत हे सगळ्यात शेवटी लक्षात येतं.

टप्पा २: उष्णता येते कुठून, ते हाताने पाहा

रात्री नऊ वाजता वरच्या खोलीत स्टुलावर चढा आणि तळहात छताला टेकवा. मग पश्चिमेच्या भिंतीला, मग उत्तरेच्या. छत अंगाला जाणवेल इतकं गरम आणि उत्तरेची भिंत साधी, असं असेल तर तुमचा शत्रू स्लॅब आहे. पश्चिमेची भिंतही तेवढीच तापलेली असेल तर तिचं काम वेगळं करावं लागेल.

रात्रीच का? पाच-सहा इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खाली उतरायला काही तास लागतात. बाहेर बरं वाटायला लागतं तेव्हा खोलीचं छत आपल्यावर ती ओतत असतं. एसी सगळ्यात जास्त धावतो तोही याच वेळी, म्हणजे तुमचे पॅनल एक युनिटही बनवत नसतात तेव्हा. सोलर आणि उष्णतारोधन एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत ते यामुळे.

तळमजल्यावर राहत असाल आणि वर दुसऱ्याचं घर असेल तर छताचे टप्पे सोडून थेट खिडक्यांकडे, म्हणजे टप्पा ६ कडे जा.

टप्पा ३: पॅनल कुठे बसणार ते आधी ठरवा, लावू नका

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. वॉटरप्रूफिंग करण्याआधीच पॅनलची जागा खडूने गच्चीवर आखा, म्हणजे सांगाड्याचे सिमेंटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगबरोबरच उभे करता येतात आणि त्यांच्या बुडाशीही ते नीट चढवता येतं. नंतर भोकं पाडण्याची वेळ येत नाही.

पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि सावल्या उत्तरेकडे लांब पडतात, म्हणून टाकी, जिन्याची खोली किंवा शेजारची इमारत यांच्या उत्तरेला लगेच पॅनल नको. एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच माळेत जोडलेल्या बाकीच्या पॅनलचं उत्पादन घटू शकतं.

*सावध:* सावलीची पाहणी मेमध्ये करू नका. मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस येतात, भर दुपारी टाकीची सावली टाकीच्या बुडाशीच राहते. पाहणीला आलेला माणूस "काही अडचण नाही" म्हणतो आणि डिसेंबरात अर्धा दिवस पॅनल सावलीत जातात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीचे फोटो काढून ठेवा.

"पॅनलच्या सावलीनेच स्लॅब गार राहील की," असं विक्रेते सांगतात. पॅनलखालच्या भागापुरतं ते खरं आहे. पण हिशेब करा. ५४० वॉटचा एक पॅनल साधारण २८ चौरस फुटांचा असतो. ३ किलोवॉटला असे सहा लागतात, म्हणजे १६५-१७० चौरस फूट. गच्ची ८०० फुटांची असेल तर पाचवा हिस्सा झाकला, चार हिस्से उघडेच राहिले.

टप्पा ४: गळती शोधा आणि बंद करा

ओल्या स्लॅबवर किंवा ओल्या स्लॅबखाली उष्णतारोधनाचा थर देऊ नका. आत अडकलेल्या पाण्याने सळया गंजतात, काँक्रीट फुगतं आणि वरून काहीच दिसत नाही. कोकणात मी खोट्या छतामागे हेच पाहिलं आहे: खालून पांढरंशुभ्र, फळी काढली तर काळी बुरशी आणि उघडी पडलेली सळई.

चाचणी अशी करायची. पावसाचे पाइप चिंध्या आणि सिमेंटच्या गोळ्याने बंद करा आणि गच्चीत साधारण दोन इंच पाणी भरा. कठड्यावर पेन्सिलीने पातळीची खूण करा. त्याच पाण्यात शेजारी एक सपाट बुडाचं पातेलं ठेवा, त्यात तेवढंच पाणी घालून आतून तशीच खूण करा. ४८ तासांनी दोन्ही पाहा. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं असेल तर ते उन्हाने गेलं. गच्चीचं जास्त उतरलं असेल तर ते स्लॅबमध्ये मुरतं आहे. खालून ओल दिसायला वेळ लागतो, त्यामुळे छत कोरडं आहे एवढ्यावर विसंबू नका.

गळतीची नेहमीची ठिकाणं तीन: कठडा आणि स्लॅब यांचा कोपरा, पाइपाचं तोंड आणि टाकीचे पाय. कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, आहे का आणि ती कठड्यावर निदान सहा-आठ इंच चढली आहे का, ते बघा. बऱ्याच गच्च्यांत तिथेच भेग सापडते.

*सावध:* जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकू नका. चार इंचांचा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा दर चौरस फुटाला १६ ते १८ किलो वजन टाकतो. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत आधीच दोन थर असतील तर ते उकरून मगच नवीन करा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय वजन वाढवू नका.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. कोब्याला निदान आठवडाभर पाणी मारावं लागतं. मेमध्ये टँकरच्या पाण्यावर ते होत नाही आणि उन्हाने थराला बारीक तडे जातात.

टप्पा ५: उष्णतारोधन निवडा

पुष्कळ जण इथे दुकानदार सांगेल ते घेतात. तुमच्या छताला काय लागतं ते आधी समजून घ्या. दोन वेगळी कामं आहेत: ऊन परतवणं आणि आत शिरलेली उष्णता अडवणं. पांढरा रंग पहिलं करतो, फोमची शीट दुसरं.

*चुना.* सगळ्यात स्वस्त. गच्ची खराट्याने आणि पाण्याने स्वच्छ धुवा, वाळू द्या. चुना रात्रभर भिजवून गाळा, चिकटपणासाठी थोडं पांढरं सिमेंट आणि बाइंडर घाला आणि दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा. भिजवताना चुना उकळतो, डोळ्यांत उडाला तर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालाच. पावसात हा थर जातो, दर मार्चमध्ये पुन्हा करावा लागतो. भाड्याच्या घरात किंवा पैसे कमी असतील तर यापेक्षा चांगला पहिला उपाय मला माहीत नाही.

*उष्णता परतवणारा पांढरा रंग आणि चायना मोझॅक.* रंग काही वर्षं टिकतो, पांढऱ्या तुकड्यांचा मोझॅक त्याहून कितीतरी जास्त. दोन्हींचा वैरी धूळ. एप्रिलच्या मध्यात एकदा गच्ची धुतली नाही तर पांढरेपणा जातो आणि त्याबरोबर फायदाही. लगतच्या उंच इमारतींना चमक लागते, तेही लक्षात घ्या.

*स्लॅबवर एक्सपीएस (कडक फोमची) शीट.* माझं मत विचाराल तर एसी वापरणाऱ्या, स्वतःचं पक्कं घर असलेल्या माणसाने पैसे घालावेत ते इथे. केंद्राची घरांसाठीची इको निवास संहिता २०१८ मध्ये आली. तिच्यात छतातून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे जास्तीत जास्त १.२ वॉट उष्णता यावी अशी मर्यादा आहे. आपला सहा इंची उघडा स्लॅब ३ च्या वर असतो. कोबा असेल तर साधारण सव्वादोन ते अडीच. म्हणजे कोबा हा पाण्याचा इलाज आहे, उन्हाचा नाही. त्यावर एक इंची एक्सपीएस आली की आकडा ०.८ च्या आसपास येतो.

थरांचा क्रम चुकवू नका: स्लॅब, वॉटरप्रूफिंग, एक्सपीएस, वेगळं ठेवणारं कापड, जाळी घातलेला दीड-दोन इंचांचा सिमेंटचा थर, आणि वर पांढऱ्या टाइल्स किंवा मोझॅक. शीटचे सांधे घट्ट बसवा, वरून टेप मारा. शीट हलकी असते, पण वरचा दोन इंचांचा थर चौरस फुटाला दहा किलोच्या आसपास भरतो, तोही इंजिनिअरच्या हिशेबात धरा.

*खोलीत आतून खोटं छत.* गच्ची तुमच्या ताब्यात नसेल तरच. स्लॅब तापतोच, फक्त तुमच्यापर्यंत कमी पोचतो. उघडं थर्माकोल आत कधीही लावू नका, ते पेट घेतं आणि धूर जीवघेणा असतो. पत्र्याच्या घराला वरून पांढरा रंग आणि खालून रॉकवूल (दगडापासूनची लोकर) किंवा पफ (मध्ये फोम असलेले) पॅनल, हा बरा मार्ग आहे. चकचकीत फॉइल लावत असाल तर तिच्यासमोर निदान इंचभर पोकळी हवी. पत्र्याला चिकटवून टाकली तर तिचा उपयोग उरत नाही.

सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला उकडतं आणि खालच्यांना खर्च नको असतो. विषय 'उष्णता' म्हणून न मांडता वॉटरप्रूफिंगच्या कामात वाढीव थर म्हणून सर्वसाधारण सभेत ठेवा, फरकाची रक्कम वरच्या मजल्याने देण्याची तयारी दाखवा. असे ठराव लवकर मंजूर होतात.

टप्पा ६: पश्चिमेची बाजू

ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आतला पडदा आत आलेल्या उन्हालाच झाकतो. बांबूची चटई, हिरवी जाळी किंवा सज्जा, काहीही चालेल.

एसी असेल तर दार-खिडक्यांच्या फटी बंद करा. विदर्भ-खानदेशात कूलर असेल तर नेमकं उलटं करा. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. "घर सीलबंद करा" हा सल्ला ऐकून कूलरवाल्यांनी खिडक्या बंद केल्या आणि खोली दमट करून घेतली, असं मी अकोल्यात दोन घरांत पाहिलं.

टप्पा ७: आता किलोवॉट ठरवा

छताच्या कामानंतर शक्य असेल तर एक उन्हाळा जाऊ द्या. ते जमत नसेल तर निदान एप्रिल आणि मेची बिलं हातात येऊ द्या. मग वर्षाचा वापर बाराने भागा. १ किलोवॉट महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट देतो, पावसाळ्यात त्याहून बरंच कमी.

अनुदानाची उतरंड बघा. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि चौथ्याला शून्य. गारव्याचा भार कमी करून तुमची गरज ४ वरून ३ किलोवॉटवर आली, तर वाचतो तो पूर्णपणे खिशातून जाणारा किलोवॉट. छताच्या खर्चाचा मोठा वाटा तिथूनच निघतो. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी मात्र हिशेब वेगळा आहे, किलोवॉटला १८,००० रुपये.

आता नेट मीटरिंगचा बारकावा. दिवसा बनवलेली जादा वीज वीजकंपनीकडे जमा होते आणि नंतर वळती होते. पण हा हिशेब आर्थिक वर्षाचा आहे. ३१ मार्चला उरलेली युनिटं वीजकंपनी ठरलेल्या कमी दराने विकत घेते आणि खातं पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे हिवाळाभर साठवलेली वीज एप्रिल-मेच्या एसीला मिळत नाही. "जास्त किलोवॉट लावा, हिवाळ्यातलं उन्हाळ्यात वापरा" असं सांगणाऱ्या विक्रेत्याला ही तारीख विचारा. आणि दरांचे आदेश बदलत असतात, दिवसाच्या विजेचा आणि रात्रीच्या विजेचा भाव उद्या वेगळा होऊ शकतो. छताने अडवलेली उष्णता कोणत्याही आदेशावर अवलंबून नाही. मी छताला पहिला हप्ता द्यायला सांगतो तो एवढ्यासाठी.

*तपासा:* वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार भरावाच लागतो. "बिल शून्य" या शब्दावर कर्ज काढू नका.

टप्पा ८: अर्ज आणि कोटेशन

क्रम असा: सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी, अर्ज, नोंदणीकृत विक्रेत्याची निवड, बसवणं, नेट मीटर, तपासणी, शेवटी बँक तपशील भरून अनुदान. १० किलोवॉटपर्यंत वेगळ्या तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट नाही.

निदान तीन कोटेशन घ्या आणि प्रत्येकात या गोष्टी लेखी मागा:

- पॅनल भारतीय सेलपासून भारतात बनलेले आहेत का. अनुदानासाठी ही अट आहे. स्वस्त कोटेशनमध्ये फरक बऱ्याचदा इथेच असतो.
- जीएसटी नव्या दराने लावला आहे का. सोलर उपकरणांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.
- पाच वर्षांची देखभाल. ती विक्रेत्याची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे.
- सांगाडा कशावर उभा राहणार: ठोकळ्यांवर की स्लॅबमध्ये बोल्ट मारून.

अनुदान वजा करून उरलेलीच रक्कम द्या असं कोणी म्हणालं तर सावध राहा. अनुदान तुमच्याच खात्यात येतं.

लोडशेडिंगचाही प्रश्न इथेच सोडवा. साधी नेट मीटरची यंत्रणा वीज गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. वीज जाताना पंखा हवा असेल तर हायब्रिड (बॅटरीलाही जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल, आणि अनुदान बॅटरीवर मिळत नाही. उष्णतारोधन केलेली खोली मात्र वीज गेल्यावरही तासन्तास सुसह्य राहते.

टप्पा ९: बसवताना स्वतः गच्चीवर उभे राहा

ड्रिल मशीन दिसलं की विचारा, कुठे मारणार? ठोकळ्याबाहेर एकही भोक नको. पॅनल आणि स्लॅब यांच्यात निदान फूटभर अंतर ठेवा, खालून वारा खेळला पाहिजे. पॅनल तापला की उत्पादन घटतं: २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के. चंद्रपूर-नागपूरच्या मेमध्ये हा तोटा लहान नसतो.

कोकणात सांगाडा उंच करून खाली बसायला जागा करायचा मोह होतो. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात ज्यांनी पाहिलं ते हा मोह टाळतात. उंच हवाच असेल तर इंजिनिअरचा वाऱ्याचा हिशेब घ्या आणि लोखंड गरम जस्तलेपाचं आहे का, ते बघा. रंगवलेलं खाऱ्या हवेत टिकत नाही.

अर्थिंग, आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा लाइटनिंग अरेस्टर आणि पॅनलभोवती माणूस फिरेल एवढी वाट आहे का, तेही पाहा. ती वाट ठेवली नाही तर पुढच्या वर्षी चुना मारायला हात पोचत नाही.

काम संपलं की पैशांचा शेवटचा हप्ता देण्याआधी टप्पा ४ ची पाण्याची चाचणी पुन्हा करा. तेच पातेलं, तीच पेन्सिलीची खूण, ४८ तास.

टप्पा १०: पुढची देखभाल

पॅनल दर पंधरवड्याला धुवा, सकाळी लवकर, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं क्षाराचं पाणी वाळलं की पांढरे डाग धरतं, म्हणून शेवटचा हात गोड्या पाण्याचा. दर महिन्याला सोलर इन्व्हर्टरवरचा बनलेल्या विजेचा आकडा आणि बिलावरची आयात-निर्यात (घेतलेली आणि दिलेली वीज) एकाच वहीत लिहा. दोन महिने मेळ बसला नाही तर लगेच तक्रार करा. एसीचं तापमान २४ वर ठेवा. आणि मेमध्ये एकदा, रात्री नऊला, स्टुलावर चढून छताला पुन्हा हात लावून पाहा.